खाऱ्या पाण्याचा नाद

बारामतीच्या माणसाला पाणी म्हणजे कॅनॉलचं आवर्तन. ते कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलला पोहोचणार की मधेच जिरणार, याच्या चर्चेत इथल्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. समुद्र हा विषय आमच्या बोलण्यात येतो तो हवामान खात्याच्या कृपेने, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की. एरवी गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, आणि लाट बघायची तर घाट उतरून दोनशेएक किलोमीटर जायचं. देशावरच्या बऱ्याच जणांनी समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते १९५१ साली उघडलं, आणि तिथं समुद्र रस्त्यापलीकडेच होता. अशा मुलखात कुणी पुढच्या खोलीत काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचा संसार मांडायचं म्हटलं, तर घरच्यांनी त्याला विकतचं दुखणं म्हणणं स्वाभाविक आहे. आमच्या घरी तसंच म्हणतात.

गोड्या पाण्यातले मासे पाळणं सोपं. टाकी आणा, पंप लावा, गप्पी सोडा, महिन्याभरात त्यांची लोकसंख्या हा तुमचा नवा प्रश्न होतो. समुद्री टाकीचं तसं नाही. तिथं मासे सर्वांत शेवटी येतात. आधी लागतात तीन गोष्टी: दगड, वाळू आणि खारं पाणी. गंमत अशी, की बारामती-इंदापूर पट्ट्यात या तिन्ही गोष्टी रग्गड आहेत. दगड माळावर पडलेत, वाळू भीमेत आहे, आणि खारं पाणी कित्येक विहिरींना आहे. पण कामाची एकही नाही. मग गंमत आणखी वाढते, कारण टाकीसाठी जे पैसे मोजून आणावं लागतं, नेमकं तेच इथला शेतकरी गेली शंभरेक वर्षं शेतातून हाकलतोय.

हे माझ्या ध्यानात आलं ते आबांमुळे. आबा म्हणजे माझे चुलते. इंदापूर तालुक्यात कॅनॉलच्या टेलला त्यांची शेती. ऊस, थोडं डाळिंब, आणि खालच्या अंगाला दीडेक एकर रान, ज्याच्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत. कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला बारामतीला आले की मुक्काम आमच्याकडे. टाकीच्या खरेदीचं एकेक सामान घरात येत गेलं आणि प्रत्येक वेळी आबा नेमके हजर असायचे.

पहिल्यांदा आला दगड.

समुद्री टाकीत दगड शोभेला ठेवत नाहीत. टाकीतलं निम्मं काम तोच करतो. माशाने खाल्लं की घाण होणार, घाणीचा अमोनिया होणार आणि अमोनिया हे माशाला विष. दगडावर बसलेले जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे झालं दगडाच्या पाठीवर, जिथं ऑक्सिजन भरपूर आहे. दगडाच्या पोटात, बारीक छिद्रांच्या आत, जिथं ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथं तिसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणून दगड हवा सच्छिद्र. प्रवाळाच्या सांगाड्याइतकी छिद्रं दुसऱ्या कुठल्या दगडाला क्वचितच असतात. समुद्रात प्रवाळाचे तुकडे मोडून तळाशी पडतात, त्यांच्यावर गुलाबी शेवाळ चढतं, स्पंज, किडे, बारके खेकडे वस्तीला येतात. असा वसलेला तुकडा म्हणजे लाइव्ह रॉक. जाकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी या दगडाच्या जोरावर, फारशी यंत्रं न लावता, समुद्री टाकी कशी चालते ते १९६१ साली एका अमेरिकी मासिकात लिहून दाखवलं. पुढे हाच दगड फिजी, इंडोनेशियासारख्या बेटांवरून खोक्याखोक्यांनी जगभर गेला.

आपल्याकडे या दगडाची निवड कायद्यानेच सोपी करून टाकली आहे. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. त्यामुळे समुद्रातून उचललेला जिवंत दगड घरात आणणं म्हणजे पुढच्या खोलीत वाघाचं कातडं टांगण्याच्याच पंक्तीला जाऊन बसणं. ही बंदी मला मनापासून पटते. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला प्रवाळ आलंय तरी किती? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथल्या खडकांवर थोडं आहे. आणि विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत, पाण्याखाली बुडालेला अँग्रिया बँक, ज्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. एवढंसं ते वैभव, त्यातले तुकडे बारामतीच्या शोकेसशेजारी आणून ठेवायचे कशाला?

तेव्हा आपण घ्यायचा तो सुका दगड. जमिनीवर आलेल्या जुन्यापुराण्या प्रवाळभिंतींच्या खाणीतला, नाहीतर सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून माणसाने केलेला. तो निवडायच्या काही खुणा आहेत. आकाराच्या मानाने हाताला हलका लागला पाहिजे. हलका म्हणजे आत पोकळ्या आहेत. सपाट फरशा घ्यायच्या नाहीत, त्या एकमेकींवर बसल्या की मधून पाणी फिरत नाही. बारकी खडी घेऊन ढीग रचण्यापेक्षा चार-दोन मोठे, वेडेवाकडे, कमानीचे तुकडे बरे. दोनशे लिटरच्या टाकीला पंधरा-वीस किलो पुष्कळ झाले. त्याहून जास्त घातला तर माशांनी राहायचं कुठे? सिमेंटचा असेल तर कित्येक आठवडे पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवायचा, नाहीतर त्यातला चुना पाण्याचा सामू भलताच वर नेतो.

असे पंधरा-वीस किलो पांढरे, भोकाभोकांचे दगड मी वर्तमानपत्रावर मांडून बसलो होतो. आबा खुर्चीवरून बघत होते. सुक्या दगडात भेसळ आहे का ते बघायला मी स्वयंपाकघरातून लिंबू आणून पिळलं. थेंब पडला तिथं बारीक फेस आला, चुर्र आवाज आला, आणि फेस विरला तिथं दगडाला ओलसर, स्वच्छ ठिपका राहिला. आबांनी चष्मा सरळ केला. तुकडा उचलला, नखाने खरवडला, नख जिभेला लावलं.

“आरं, ही तर चुनखडी!”

“कॅल्शियम कार्बोनेट, आबा. तीच म्हणा.”

“इकत आणलीस?”

“हो.”

“किलोवर?”

मी मान हलवली. आबांनी दगड परत वर्तमानपत्रावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिच्यापायी माझा उस पिवळा पडतो. खालची काढायला मी जेसीबी लावला होता. मला सांगितलं असतंस तर ट्रॉली भरून धाडली असती.”

चुनखडीचं दुःख इथल्या शेतकऱ्याला विचारावं. जमिनीत चुना फार झाला की पिकाला लोह उचलता येत नाही, उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, त्याला केवडा म्हणतात. नावाला सुगंध आहे, पण उतारा बसतो तो वजनकाट्यावर. त्यावर हिराकस फवारा, शेणखतात मुरवून द्या, हे सगळं आबांनी केलं आहे. आणि हा चुना माझ्या टाकीत मात्र मानाने बसणार, कारण समुद्राचा सामू आठच्या वर, आठ पूर्णांक एक-दोनच्या घरात असतो आणि तो सांभाळायला असा दगड मदत करतो.

आबांची ट्रॉली मी आदबीने नाकारली. त्यांच्या रानातली चुनखडी घट्ट, चिकणमाती खाल्लेली, आत हवाही नाही आणि वाटही नाही. शिवाय तिच्यात मुरलेलं डीएपी. स्फुरद हे टाकीतल्या शेवाळाचं आवडतं खाणं. तो खडा पाण्यात टाकला तर आठवड्यात टाकीचं कुरण होईल. हे कारण मी सांगितलं तेव्हा आबांना ते लगेच पटलं. खत कुठे जातं याचा हिशेब त्यांना माझ्याहून पक्का आहे.

मग त्यांनी माळावरचा काळा दगड सुचवला. फुकट. खरं तर तो चालतो. बेसाल्टने पाण्याचं वाईट होत नाही, बरंही होत नाही. पण तो जड, आणि त्याची छिद्रं निसर्गाने आधीच बुजवून ठेवली आहेत. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरले. झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया शोषून घेतं हे खरं, पण खाऱ्या पाण्यात सोडियमची एवढी गर्दी असते की अमोनियाला तिथं जागाच मिळत नाही. आमच्या माळेगावला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था निघाली, तिला मिळालेली जमीन असल्याच मुरमाड, खडकाळ माळाची. तो माळ फोडून त्यावर पिकं उभी करणं हाच तिथल्या शास्त्रज्ञांचा पहिला प्रयोग ठरला. काळ्या दगडाला जिवंत करायचं म्हणजे सरकारी संस्था काढावी लागते. मला तेवढं बजेट नव्हतं.

दुसरी वाळू.

इंदापूर तालुक्यात वाळू हा शब्द जपून उच्चारावा. तिच्यामागे लिलाव, पावत्या, तलाठी, तहसीलदार, रात्रीचे हायवा, उजनीच्या पाण्यातल्या उपसा करणाऱ्या बोटी आणि त्या बोटी जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या, असं मोठं लटांबर असतं. मी आबांच्या ओळखीतल्या एका बिल्डिंग मटेरियलवाल्याला सहज म्हटलं, “थोडी वाळू लागेल.” त्याने आवाज खाली आणला. “किती ब्रास?” मी म्हटलं, बारा लिटर. त्याने माझ्याकडे, मग आबांकडे पाहिलं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तीन फूट बाय दीड फुटाच्या टाकीत इंचाला थोडी वर वाळू पसरायची तर लागते ती ब्रासच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. सरकारच्या २०२३ च्या धोरणात वाळूचा दर ब्रासला ६०० रुपये ठरला होता; त्या हिशेबाने माझी वाळू झाली तीन रुपयांच्या आतली. पोतं मात्र मी पुण्याहून आणलं, अ‍ॅरागोनाइट नावाच्या समुद्री चुन्याच्या वाळूचं, आणि त्याचा दर मी घरात कधी सांगितला नाही. आबांनी विचारला तेव्हा मी पंख्याचा वेग वाढवायला उठलो.

दोन्ही वाळू शेजारी ठेवून भिंगाखाली बघण्यासारख्या आहेत. भीमेची चिमूट तळहातावर घेतली की दिसतात काळसर, कोनाकोनांचे कण. त्यात एखादा गारेचा पारदर्शक तुकडा, एखादा विटकरी खडा, एखाद्या शिंपल्याचा कपचा. सह्याद्री झिजत झिजत इथवर आलेला. अ‍ॅरागोनाइटची वाळू पांढरी, आणि तिच्यातल्या चांगल्या प्रतीचा कण जवळजवळ गोल. बहामा बेटांच्या उथळ, कोमट समुद्रात एखादा सूक्ष्म कण लाटांबरोबर गडगडत राहतो आणि त्याच्यावर पाण्यातला चुना थरावर थर चढत जातो. भीमेचा कण झिजून लहान झालेला आणि हा साठून मोठा झालेला. भीमेच्या वाळूवर लिंबू पिळलं तर ती ढिम्म. एखाददुसरा शिंपल्याचा कपचा तेवढा कुरकुरतो. अ‍ॅरागोनाइटवर पिळलं की चिमूटभर वाळू सगळीच्या सगळी फसफसते.

वाळू निवडताना जाडीचा प्रश्न येतो आणि तिथं नादिष्ट मंडळींमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतात इंचभर घाला, उपसून साफ करता येते. दुसरे म्हणतात चार इंचांच्या वर घाला, म्हणजे खालच्या थरात ऑक्सिजन राहत नाही आणि तिथं नायट्रेटचा निकाल लागतो. दोघांचंही म्हणणं एका गोष्टीवर जमतं, की मधली अडीच-तीन इंचांची भानगड नको. ती धड साफ होत नाही आणि धड कामही करत नाही. जाड थर घालून नंतर हौसेने ढवळायचाही नाही, कारण तळाशी साचलेला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू वर आला तर मासे मरतात. कणही बेताचा हवा. पिठासारखा असेल तर पंप सुरू केला की टाकीत धुकं, आणि मोठा असेल तर सांदीत घाण. कोकणात सहलीला गेलेले शेजारी पिशवीभर वाळू आणून देतो म्हणाले होते. ते राहू दिलं. किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे, आणि किनाऱ्यावर काय काय धुतलं जातं ते आपण सगळेच जाणतो.

बाजारात ओल्या पिशवीत भरलेली, जिवाणूंसकट, लाइव्ह सँडही मिळते. ती घ्यायला हरकत नाही. फक्त पुण्यातल्या गोदामात एप्रिल-मेच्या उन्हात ती पिशवी किती दिवस पडून होती याची चौकशी करावी. आतले रहिवासी केव्हाच गेलेले असू शकतात आणि आपण मोजतो ते त्यांच्या घराचं भाडं.

तिसरं पाणी. आणि इथं आबा पहिल्यांदा थोडे गंभीर झाले.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. दोनशे लिटरला झालं सात किलो. बोअरचं पाणी आधी आरओमधून काढायचं, म्हणजे त्यातलं होतं नव्हतं ते सगळं मीठ काढून टाकायचं, आणि मग त्या कोऱ्या पाण्यात डब्यातलं मीठ मोजून घालायचं. आबांनी हे दोनदा वदवून घेतलं. “म्हणजे आमच्या हिरीचं खारं पाणी गोडं करायचं आणि मग त्यात इकतचं मीठ घालून पुन्हा खारं करायचं.” अगदी बरोबर. कारण सगळं मीठ सारखं नसतं. समुद्राच्या मिठात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचं प्रमाण ठरलेलं. लिटरमागे चारशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम. जमिनीतल्या खाऱ्या पाण्याला ते प्रमाण माहीत नसतं, पोटॅशियम तर बहुधा नसतंच म्हणायचं. हरियाणात रोहतकजवळ लाहलीला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवून दाखवली आहे, पण त्या पाण्यात पालाश घालूनच.

आबांच्या त्या खालच्या दीड एकराचं दुखणं हेच आहे. उन्हाळ्यात तिथं जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटतं, चपलेखाली कुरकुरतं. ऊस उगवतो, गुडघ्याइतका होतो आणि थांबतो. ही काही त्यांच्या एकट्याची गोष्ट नाही. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. तोवर इथली काळी जमीन पावसाच्या भरवशावर ज्वारी पिकवत होती. पाणी आलं, ऊस आला, पाणी मुरत गेलं आणि खालची पातळी वर चढली. जमिनीतलं मीठ त्या पाण्यात विरघळून वर आलं. उन्हाने पाणी उडालं आणि मीठ जागेवर राहिलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरेच्या खोऱ्यातल्या या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. म्हणजे कालवा येऊन पुरती तीस वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात मीठ सरकारदरबारी पोहोचलं होतं.

समुद्री टाकी सांभाळायचा पहिला धडा नेमका हाच आहे. टाकीतून उडतं ते नुसतं पाणी. मीठ उडत नाही. बारामतीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेला की टाकीचं पाणी रोज बोटभर खाली जातं आणि उरलेलं तेवढंच जास्त खारट होतं. नवखा माणूस तूट भरायला पुन्हा खारं पाणी ओततो. भरायचं असतं गोडं पाणी, तेही रोज, तेही मोजून. मी हे आबांना समजावून सांगायला लागलो तसे ते म्हणाले, “मला काय सांगतोस? माझं दीड एकर त्यातच गेलं.”

त्यानंतर टाकीच्या बाबतीत मी आबांना काही शिकवायला गेलो नाही. ते विचारतील तेवढंच सांगत गेलो.

दगड रचला, वाळू पसरली, पाणी भरलं, पंप लावला, हीटर-पंखे बघून तापमान पंचवीस-सव्वीसला आणून ठेवलं. आता टाकी दिसायला तयार. प्रत्यक्षात त्या क्षणी तिच्यात काहीही जिवंत नव्हतं. दगड निर्जीव, वाळू निर्जीव, मीठ तर डब्यातलंच. हिच्यात जीव भरायचा म्हणजे जिवाणूंना आधी काहीतरी खायला द्यावं लागतं. मी बाजारातून एक कच्ची कोळंबी आणून पाण्यात टाकली. आबा बघत होते.

“म्हंजी आधी मासळी कुजवायची आणि मग मासं आणायचं?”

घरातून आतल्या बाजूने या प्रश्नाला दुजोरा मिळाला. वासाबद्दल इथं लिहीत नाही.

त्याबरोबर विरजणही लागतं. पुण्यातल्या एका नादिष्ट स्नेह्यांनी आपल्या टाकीत वर्षानुवर्षं मुरलेल्या सुक्या दगडाचा मूठभर तुकडा दिला. तो ओल्या कागदात गुंडाळून एसटीने आणला. त्याच्यासोबत कोण कोण आलं हे हळूहळू कळत जातं. जांभळट शेवाळाचा एक ठिपका. रात्री बॅटरी मारली की दगडात आत पळणारे केसाळ किडे, जे दिसायला भयंकर पण वागायला गरीब. समुद्रातून थेट आलेल्या दगडात कधीकधी कोळंबीचा एक दूरचा चुलतभाऊ निघतो, ज्याच्या ठोशाने शिंपला फुटतो आणि क्वचित काचही तडकते. सुक्या दगडाचा हा एक मोठा फायदा; त्यात राहायला कोण येणार हे बरंचसं आपल्या हातात राहतं.

मग वाट बघायची. चार ते सहा आठवडे, कधी जास्त. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून बघायचा. आधी अमोनिया चढतो. तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं. ते उतरलं की नायट्रेट राहतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की पहिला मासा. त्याआधी वाळूवर तपकिरी साय धरते, मग काचेवर हिरवं, मग कुठेतरी लालसर तवंग. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, टाकी धुवायची राहिली का?

आबांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “युरिया टाकल्यावर व्हतं तेच हे.” आणि ते खरंच तेच आहे. उसाला युरिया घातला की जमिनीतले जिवाणू त्याचा अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि मूळ ते उचलतं. हे काम करणाऱ्या जिवाणूंची खानदानंसुद्धा टाकीतल्यांच्या नात्यातली. फरक एवढाच, की आबांना नायट्रेट हवं असतं आणि मला ते नको असतं. पाणी साचलेल्या रानात हवा कोंडली की नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. तो आबांचा तोटा, पोत्यामागे मोजलेला. दगडाच्या पोटात तेच घडावं म्हणून मी भोकं मोजून दगड घेतला. आबा सोडियमला हाकलायला जिप्सम घालतात, मी सोडियम विकत आणतो. ते चुना काढतात, मी आणतो. नायट्रेट फार झालं तर ते खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून काही लोक टाकीत चिमूटभर साखर किंवा चमचाभर व्होडका घालतात हे ऐकून आबांचे डोळे चमकले. साखर कारखान्यांच्या मुलखात जिवाणूंचीही सोय झाली म्हणायची.

पण एका बाबतीत आमची दोघांची शेती सरळ आणि सारखीच आहे. आबांनी त्या खालच्या रानात चर काढले, जिप्सम टाकलं, धैंचा पेरला, फुलायच्या आत गाडला, पुन्हा पेरला. जमीन दुकानात मिळते. जिवंत जमीन मिळत नाही, ती करावी लागते. दगडाचं तसंच. दुकानातून आणतो तो फक्त सांगाडा. त्यात वस्ती व्हायला जो वेळ लागतो तो कुठलाही बाटलीबंद जिवाणू फार तर आठवडा-दोन आठवड्यांनी कमी करतो. समुद्रातून जिवंत दगड उचलणं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घालवलेली वर्षं उचलून आणणं, आणि ती वर्षं तिथं परत भरून येत नाहीत.

टाकी सुरळीत चालली की पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. दोनशे लिटरमधलं वीस. म्हणजे ७०० ग्रॅम मीठ दर खेपेला घराबाहेर. समुद्रकाठच्या माणसाला हा प्रश्न पडत नसेल. इथं पडतो. पहिल्यांदा बादली भरली तेव्हा मी सहज म्हटलं, मागे नारळाच्या बुंध्यात ओततो. आबा खुर्चीतून उठले.

“जमिनीवर एक थेंब ओतायचा नाय. तुझ्याबी नाय आणि माझ्याबी नाय.”

उजनीत सोडणं तर त्याहून वाईट. कुणाच्या तरी टाकीतून सुटलेले सकर मासे आज तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यांत येतात, खवल्यांच्या काट्यांनी जाळी फाडतात, आणि त्यांना भिगवणच्या बाजारात कुणी विचारत नाही. टाकीतलं काहीही धरणात जाता कामा नये, पाणीसुद्धा.

तोडगा आबांनीच काढला. गच्चीवर पत्र्याचे दोन उथळ ट्रे ठेवले आहेत. बादली त्यात ओततो. आमचं ऊन बाकी काही करो न करो, पाणी उडवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तीन-चार दिवसांत तळाला पांढरा पापुद्रा उरतो. तो खरवडून प्लास्टिकच्या डब्यात भरतो, आणि नीरेच्या खोऱ्यातलं मीठ तेवढ्याने तरी वाढत नाही. टाकीत मीठ वाढलं तर चार बादल्या काढता येतात. १८८० च्या दशकापासून खोऱ्यात साठलेलं काढायला बादली नाही, हे आबा जाणतात. डबा भरत आला की ते उचलून वजनाचा अंदाज घेतात आणि दर वेळी तेच विचारतात, “हे इकतंय का रं कुणी?”

मी सांगतो, विकतात. मी विकतच तर घेतलं होतं.